बोटीच्या पोटातलं लाकूड

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. पण मी कोणाची गोष्ट सांगून राहिली हे तुमाले कळलं पाहिजे, म्हणून एकदाच घेते : नत्थू. झालं. आता पुढं मी 'रुचिताचे बाबा' म्हणीन. रुचिता आमची एकुलती एक पोरगी, लग्न करून अड्याळले दिली. आमी ढिवर, मासोळी मारणारे लोक. साकोलीच्या अलीकडं, तलावाच्या पाळीखाली, बांधाले लागून आमचं घर. तलावातली मासोळी आमच्या सोसायटीची, अन् सोसायटीचे डोंगे सांभाळायचं काम रुचिताच्या बाबाचं.

सांभाळणं म्हणजे कसं? मी तापानं फणफणली तं "गोळी घे" म्हणून मोकळे होणार. अन् डोंग्याले केसाएवढी चीर दिसली की त्यायच्या घशाखाली घास उतरत नाही. हे मी रागानं नाही सांगून राहिली. बरं, थोडं रागानं.

आमच्याकडचा डोंगा म्हणजे अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेला. त्याची एक खोड असते. उन्हाळ्यात कोरडा पडला की तडकते. म्हणून तलाव आटायले लागला की आमचे लोक डोंगा खोल पाण्यात नेतात, त्यात गोटे भरतात अन् बुडवून टाकतात. उन्हाळाभर तो पाण्याखाली राहते. मृग लागायच्या आधी गोटे काढले की वर येते, जसाच्या तसा. माह्या सासऱ्यानं हेच केलं, त्याच्या बापानंही हेच केलं. ढिवराच्या पोराले हे कोणी शिकवत नाही, ते त्याले येतेच.

आता माह्या भावाचं सांगते. गोपीचंद, माह्याहून लहान. त्याची पारख अशी की बैल घ्यायचा असला, कोणाच्या पोरीले नथ घ्यायची असली, की लोक त्याले घरून उचलून बाजारात नेत. भाऊबीजेची माही साडी तो स्वतःच आणे. दुकानात गेला की गठ्ठ्यातून एक ओढे अन् म्हणे, "हे बांध." दुसरी उलगडूनही पाहत नसे. दुकानदार म्हणे, "अगा, आणखी आहेत ना, पाह तं!" तं हा म्हणे, "माहं पाहून झालं." अन् बाप्पा, साडी अशी निघे की पाणी भरायले गेली तं बाया माह्या पदराले हात लावून पाहत. मी मिरवे. का नाही मिरवणार? भाऊ माहा होता.

सोसायटीनं फायबरची बोट घ्यायचं ठरवलं तेव्हा कोणाले पाठवायचं हा प्रश्नच नव्हता. गोपीचंद गेला, नागपूरकडून बोट घेऊन आला. पांढरी, बाजूनं निळा पट्टा. ट्रॅक्टरवरून उतरवली तेव्हा मी तिले हळद-कुंकू लावलं. वरून सारं फायबर, पण मागची फळी अन् तळातल्या पट्ट्या आतून लाकडाच्या, त्यावर फायबरचं कातडं चढवलेलं. गोपीनं सांगतलं, "लाकूड मी उघडं असतानाच पाहिलं. मंग त्यायनं वरून बंद केलं." रुचिताचे बाबा तं त्या बोटीभोवती नव्या नवरदेवासारखे फिरत होते. मी म्हटलं, "घेऊन या घरात, मी बाहेर झोपते."

पहिला उन्हाळा आला. तलाव आटायले लागला. डोंगे बुडवले, अन् आता बोटीची पाळी. गोटे भरले. बोट कडेपर्यंत पाण्यात गेली अन् डुगडुगून पुन्हा वर आली. आणखी गोटे टाकले. पुन्हा वर! बाकाखाली तिच्या फोम भरला होता, ती कशाची बुडते? सारी सोसायटी पाळीवर उभी राहून हसून राहिली होती. अध्यक्ष वीरेंद्र, म्हातारे भैय्याजी, सारे कमरेएवढ्या पाण्यात उतरून गोटे देऊन राहिले होते. रुचिताचे बाबा म्हणाले, "हे पोट्टी भल्ली जिद्दी आहे." मंग त्यायनं घरून गिरमिट आणलं. मागच्या फळीले दोन भोकं पाडली, त्यातून दोर ओवले, दोराले मोठे गोटे बांधले, अन् बुडवली. बुडली तेव्हा सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी त्यायच्यासाठी भाताचा डबा घेऊन गेली होती, मीही हसली.

पावसाच्या आधी बोट वर काढली, भोकायत डांबर भरलं. पुढच्या उन्हाळ्यात डांबर काढून पुन्हा दोर ओवले. दरसाल असंच. अन् दरसाल मायेनं बरं! "उन्हात तडकली नाही पाहिजे," म्हणत.

मंग एका मार्गशीर्षात, मोठं जाळं ओढताना, बोटीची मागची फळी कडकन तुटून हातात आली. जाळ्याचा दोर फळीले बांधला होता. बोटीत पाणी घुसलं, माणसं पाण्यात पडली. पोहणारे सारे, म्हणून कोणी गेलं नाही. पण भैय्याजीचा हात फळी अन् दोराच्या मधात सापडला. तो हात अजून सरळ होत नाही. चहाचा कप डाव्या हातानं धरतात.

त्याच संध्याकाळी समाजमंदिरात सारे जमले. फुटलेली फळी मधात ठेवली होती. वरून चकचकीत, अन् तुटल्या जागी आत काळा भुगा. सारे पाहत होते रुचिताच्या बाबाकडं. सांभाळणारे तेच ना! मी बायायत भिंतीपाशी बसली होती. मले त्यायचं तोंड दिसत होतं, घाबरलेलं. अन् एकदम ते उठले अन् ओरडले, "माह्याकडं कायले पाहता? याले इचारा! सडका माल वरून रंगवून दिला, अन् हा घेऊन आला!"

गोपी म्हणाला, "भाऊजी, लाकूड चांगलं होतं. मी डोळ्यानं पाहिलं."

"तुले पारखच नाही!" रुचिताचे बाबा म्हणाले. "बैलाचे दात मोजणारा तू, तुले लाकडातलं का समजते? तुले पारख नाही अन् कधी नव्हती. भैय्याजीचा हात तुह्यामुळं गेला."

लोकायले एक नाव पाहिजे होतं, ते भेटलं. कोणी म्हणे, हो ना, त्याचा मागचा बैलही लंगडला होता. कोणी काही, कोणी काही. गोपी भैय्याजीकडं पाहत उभा राहिला अन् मंग चप्पल घालून निघून गेला. मी घरी येऊन त्या माणसाशी भांडली. भांडी आपटली, रडली, दोन दिवस चूल पेटवली नाही. ते म्हणत, "खोटं बोललो का मी? फळी सडकी होती का नव्हती?" फळी सडकीच होती, साऱ्या गावानं पाहिली.

गोपी सिहोऱ्याले गेला, त्याच्या सासरी. बायको सीताबाईच्या वाटचं थोडं धानाचं शेत होतं, ते करायले लागला. भाऊबीजेले आला नाही. मले भाऊ असून नसल्यासारखं झालं, हे मी सरळ सांगते. त्याच्या पोरीचं, रीनाचं लग्न झालं तेव्हा मी गेली. मानाची साडी मले दिली, ती पाहूनच माहं डोकं फिरलं. मातकट रंग, कापड असं की हातात धरवेना. सीताबाईच्या भावानं आणलेली. माह्या भावानं माह्यासाठी साडी दुसऱ्याच्या हातून आणवली! मी ती पेटीच्या तळाले टाकली. मनात म्हटलं, राग नवऱ्याचा अन् काढतो माह्यावर, काढ बापा.

बोट पाळीमागं उपडी पडून राहिली. तिच्याखाली कुत्री व्यायची.

यंदा आमचा शेवटचा डोंगा फुटला. अन् नवीन डोंग्याले एवढं जाड झाड आता कोण देते? जाळं ओढायले काहीच राहिलं नाही. तेव्हा रुचिताचे बाबाच म्हणाले, "फायबर उघडून पाहतो. नवीन लाकूड टाकून होत असन तं करतो." अन् घरी येऊन मले म्हणाले, "चाल, आता उघडूनच दाखवतो तुले, तुह्या भावानं का माल आणला होता ते." एवढे वर्षं झाले, पण टोमणा ताजाच.

प्रफुल्लच्या वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडर आणलं. मोडकी फळी अन् बोट आंगणात घेतली. फायबर कापायले लागले की काचेचा असा भुगा उडे की कपड्यात, भांड्यात, माह्या केसात खाज. मी म्हटलं, "अजी, ते काम पाळीवर करा, नाही तं आंघोळ करून दोरीवर वाळत बसा, घरात येऊ नका!" ते हसले. त्या दिवशी ते हसत होते, म्हणून आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्राइंडर बंद झालं. मले वाटलं, लाईट गेली. पण आत पंखा चालू होता. मी चहा घेऊन बाहेर आली तं हे आंगणात बसलेले, मांडीवर फळी, हातात खुरपं. कातडं पुरं सोललेलं.

"बस," म्हणाले. "हे घे. वास घे."

फळीच्या कडेचा एक तुकडा त्यायनं दिला. पिवळसर, टणक. नाकाले लावला. एवढ्या वर्षानंतरही लाकडाचा चांगला वास येत होता.

"हे गोपीनं आणलेलं लाकूड," ते म्हणाले. "कडेचं. इथं पाणी पोचलं नाही."

मंग त्यायनं बोटानं दाखवलं. फळीत दोन भोकं, डांबरानं काळी झालेली. भोकाच्या चहूबाजूनं लाकडाचा पार चुरा झाला होता. जसं भोकापासून दूर जावं तसं लाकूड बरं होत गेलं, कडेले एकदम चांगलं. अन् त्या चुऱ्यात तलावाचा काळा गाळ. बारीक शिंपल्याही. नागपूरच्या दुकानात आमच्या तलावाचा गाळ कोण भरणार? डोंगा उघडा असते, पाण्यातून काढला की वाळते. ही तं चहूबाजूनं बंद. भोकातून पाणी आत गेलं ते बाहेर निघायले जागाच नव्हती.

"बुडत नव्हती ना वं ती," ते म्हणाले. "वरवर येत होती. मीच भोकं पाडली."

चहा माह्या हातातच राहिला. मले दया आली पाहिजे होती, पण नाही आली. मी म्हटलं, "माहा भाऊ गेला माहा! तुमच्या गिरमिटापायी! साऱ्या गावासमोर त्याले उघडं केलं तुमी!" आणखीही बोलली, ते इथं सांगण्यासारखं नाही. शेजारच्या शकुंतलाबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या तरी मी थांबली नाही. अन् तो माणूस? मान खाली घालून, खुरप्यानं तो चुरा एका जागी गोळा करत राहिला.

शेवटी म्हणाले, "आता मी काय करू?"

"जिथं बोलले तिथंच सांगा," मी म्हटलं. "घरात मले सांगून का फायदा?"

जेवण तुटलं त्यायचं. लोक पाळीवर भेटले तं हेच वाट बदलत. दोन-चार दिवस मी पाहत होती, ते भैय्याजीच्या दारापर्यंत जात अन् परत येत. मंग रविवारी सोसायटीची सभा लागली, तेव्हा ते फळी खांद्यावर घेऊन समाजमंदिरात गेले. मीही गेली, त्याच भिंतीपाशी बसली. ते उभे राहिले, अन् सगळं सांगतलं. आवाज फाटत होता. "गोपीचंदचं लाकूड चांगलं होतं. मी सडवलं. भैय्याजीचा हात माह्यामुळं गेला. अन् मी त्या दिवशी घाबरलो म्हणून दुसऱ्याचं नाव घेतलं."

मले वाटलं आता शिव्या पडतीन. पण वीरेंद्र म्हणाला, "जाऊ द्या ना काका, जुनी गोष्ट झाली." भैय्याजीनं आपला वाकडा हात कुरवाळला अन् म्हणाले, "गोटे तं आमीही उचलले होते रे, नत्थू. टाळ्याही वाजवल्या." लोक हसले. अन् सभा पुढं मासोळीच्या बियाण्यावर गेली. एवढ्यात संपलं. ते परत येताना मले म्हणाले, "कोणी थोबाडीत मारली असती तं बरं झालं असतं."

"अजून सिहोरा बाकी आहे," मी म्हटलं.

गेलो आमी दोघं, एसटीनं. फळी पिशवीत मावेना, ती त्यायनं मांडीवर आडवी धरली होती, अन् कंडक्टर चिडचिड करत होता. गोपी घरीच होता, आंगणात धानाच्या पोत्यायले टाके घालून राहिला होता. पिकलेले केस. मले पाहून उठला, "ये बाई," म्हणाला. भाऊजीले पाहून उभाच राहिला.

रुचिताच्या बाबानं काही लांबण लावली नाही. फळी खाली ठेवली, भोकं दाखवली, सगळं सांगतलं. अन् वाकून त्याच्या पायाले हात लावायले गेले. गोपी साप पाहिल्यासारखा मागं सरला. "भाऊजी, पाप नका लावू मले."

मंग तो खाली बसला. फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला, बोटानं ठोकलं, कान लावला, वास घेतला. तेच सारं, जसं तो पहिले करे. मी पाहत होती, त्याचे डोळे भरले. "चांगलं होतं ना?" तो म्हणाला. "मले वाटलंच होतं की चांगलं होतं. पण मंग वाटलं, मले दिसलं नसन."

"तुले बरोबर दिसलं होतं," रुचिताचे बाबा म्हणाले.

"मी त्या दुकानदाराकडं गेलो होतो," गोपी म्हणाला. "त्याच्या दारात उभं राहून त्याले चोर म्हटलं. त्याचा म्हातारा बाप बसला होता तिथं. तो रडला."

सीताबाई चहा घेऊन आल्या अन् वातावरण हलकं करायले हसून म्हणाल्या, "तेव्हापासून यायनं बाजारच सोडला, बाई. साधी बनियानही मीच आणते. रीनाले पाहायले पाहुणे आले तं मले म्हणे, तुह्या भावाले इचार, मले माणसातलं काही समजत नाही. बैल विकून टाकला अन् दुसरा घेतलाच नाही. लग्नातली तुमची साडीही..." अन् त्या थांबल्या.

मी चहा खाली ठेवला. पेटीच्या तळाची ती मातकट साडी माह्या डोळ्यापुढं आली. राग नव्हता तो. त्याले निवडताच आलं नव्हतं.

रुचिताचे बाबा हात जोडून म्हणाले, "गोपी, बोटीले नवीन लाकूड घ्यायचं आहे. तू चाल. तू पाहशील तेच घेऊ."

"नाही भाऊजी." तो रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तं मले बरं वाटलं असतं. "तुमी आले, सांगतलं, माह्या मनात काही नाही. पण ते काम मी सोडलं."

लाकूड मंग रुचिताच्या बाबानं स्वतःच साकोलीहून आणलं. नवीन फळी बसवली, तळातल्या पट्ट्या बदलल्या, त्यावर फायबरची चटई अन् रेझिनचे थर दिले. घासलं, रंगवलं, पट्टा पुन्हा निळाच. पावसाळ्यात बोट तलावात उतरली अन् थेंबभर पाणी आत आलं नाही. लोकायनं पाठ थोपटली. हे खाली पाहत राहिले. स्वयंपाकघराच्या पडवीसाठी घरात पत्र्याच्या टिना आणून ठेवल्या होत्या, त्या त्यायनं पाळीवर नेऊन बोटीले छप्पर केलं, उन्हाळ्यात कोरड्यात उपडी ठेवायले. एरवी मी गाव डोक्यावर घेतलं असतं. यंदा पडवी गळते तं गळते.

भाऊबीजेले मी मुद्दाम निरोप धाडला होता. तो येईन असं वाटत नव्हतं. पण दुपारी एसटीतून गोपीचंद उतरला, हातात कापडी थैली. मी पाटावर बसवलं, ओवाळलं. रुचिताचे बाबा शेजारीच जेवायले बसले होते. गोपीनं थैलीतून साडी काढून माह्या ताटात ठेवली. जांभळी, हिरव्या काठाची. बाप्पा! पाहूनच मी ओळखली, ही त्याच्याच हातची.

मंग त्यानं थैलीत हात घालून दुसरी साडी काढली. ती पहिलीच्या बाजूले ठेवली, नीट, काठाले काठ लावून.

"दोन कायले रे?" मी म्हटलं.

"यातली चांगली कोणती ते तूच पाह, बाई," तो म्हणाला. "नाही आवडली ते दुकानदार परत घेतो म्हणते. मी इचारून ठेवलं."

"तुह्या हाताले पहिले कोणती लागली?"

त्यानं जांभळीवर बोट ठेवलं.

"मंग दुसरी कायले घेतली?"

तो हसला, अन् रुचिताच्या बाबाकडं न पाहता म्हणाला, "चुकली असती तं?"

रुचिताच्या बाबाचा हात ताटातच राहिला. ते अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतला अन् पाळीकडं निघून गेले. मी त्यायले आवाज दिला नाही. जांभळी साडी उचलली अन् तिथंच, गोपीसमोर, अंगावर घेतली.